आकडी कुणाच्या घराण्यातली?

प्रश्न: माझा मुलगा १७ महिन्यांचा आहे. मागच्या आठवड्यात त्याला १०२ ताप होता. मी औषध मोजून घेत होते, तेवढ्यात त्याचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि हातपाय उडायला लागले. दोनेक मिनिटं चाललं असेल. मला वाटलं, संपलं सगळं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो रडायला लागला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, तापातली आकडी आहे, घाबरू नका. घरी आल्यावर सासूबाई सहज बोलून गेल्या, "ह्याच्या बापालाही लहानपणी तीन-चार वेळा आली होती अशीच." लग्नाला चार वर्षं झाली, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी भांडले. त्यावर उत्तर आलं, "तुझ्या भावाला नाही का फिट येत?" माझ्या भावाला अपघातात डोक्याला मार लागला, तेव्हापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत. त्याआधी काही नव्हतं. माझ्या माहेरी दुसऱ्या कुणालाच नाही. मला आता पाचवा महिना आहे. हे जनुकांतून येतं का? कुणाकडून आलं? पोटातल्या बाळालाही होईल का? जनुकीय चाचणी आत्ताच करून घ्यावी का? आणि मुलाला पुढे मिरगी होणार का? नवऱ्याने ती आकडी मोबाईलवर शूट केली. त्याचाही मला राग आला होता. आता रोज रात्री सगळे झोपले की मी तोच व्हिडिओ बघत बसते.
— एक आई

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र वाचता वाचता मी त्याच कागदाच्या पाठीवर तुमच्या दोन्ही घरांची वंशावळ काढली. आम्ही डॉक्टर मंडळी ती अशी काढतो: पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, ज्याला त्रास आहे ती आकृती आतून रंगवायची, आणि पोटातलं बाळ म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन. तुमच्या कागदावर दोनच आकृत्या रंगल्या, तुमचे यजमान आणि मुलगा. भावाचा चौकोन मी कोरा ठेवलाय आणि शेजारी 'अपघात' एवढंच लिहिलंय. डोक्याला मार लागून मागाहून सुरू झालेल्या फिट आणि तुमच्या मुलाची तापातली आकडी यांचा एकमेकींशी संबंध लावायला काही आधार नाही. डॉक्टरांना भावाबद्दल सांगा जरूर, पण घरातल्या भांडणात तो मुद्दा टिकत नाही. म्हणजे तुमच्यावर रोखलेलं बोट तर खाली आलं. तुम्ही रोखलेल्या बोटाकडे आता येतो.

हो, तापातली आकडी जनुकांतून येते. पण 'येते' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि सगळी गडबड तिथेच होते. रक्तगट येतो तसं ते सरळसरळ नाही. आजोबा उंच म्हणून नातू उंच, तसं जास्त आहे. एक जनुक नाही, अनेक छोटी छोटी जनुकं मिळून एक कल तयार होतो. जुळ्यांच्या अभ्यासातून हे स्वच्छ दिसतं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आकडी आली तर दुसऱ्यालाही येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त असतं. म्हणजे जनुकांचा हात आहे. पण ते प्रमाण शंभर टक्के नसतं, म्हणजे जनुकंच सगळं ठरवत नाहीत. कोणता विषाणू, कोणत्या वयात, ताप किती भरभर चढला, हेही असतंच. लहान मुलांत आकडीचं प्रमाणही जगभर सारखं नाही. युरोप-अमेरिकेत २ ते ५ टक्के मुलांना ती कधी ना कधी येते, जपानमध्ये हेच प्रमाण ७-८ टक्क्यांच्या घरात जातं.

हा कल कशाचा असतो? मेंदूतल्या काही पेशी शेजारच्या पेशींना चेतवतात, काही त्यांना आवरतात. आवरणाऱ्या पेशींना वेळेवर काम करायचं तर त्यांच्या पडद्यातली सोडियमची दारं झटपट उघडून मिटावी लागतात. त्यांतलं एक महत्त्वाचं दार कसं घडवायचं याची कृती एससीएन१ए नावाच्या जनुकात असते, आणि ते जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. हे दार विशेषकरून आवरणाऱ्या पेशींवर असतं. दारात थोडा ढिलेपणा असला तरी एरवी काही कळत नाही. ताप चढला की दारांचं वागणं बदलतं, तापासोबत शरीरात सुटणारी दाहाची रसायनं पेशींना आणखी चिडवतात, आणि दीड वर्षाच्या मेंदूत आवरणारी यंत्रणा मुळातच अजून कच्ची असते. तिन्ही गोष्टी एका दुपारी जुळल्या की आकडी. मूल मोठं झालं की यंत्रणा पक्की होते. म्हणूनच ही आकडी साधारण ६ महिने ते ५ वर्षं एवढ्याच काळात येते, आणि दीड वर्षाच्या आगेमागे सर्वांत जास्त. तुमचा मुलगा अगदी त्या शिखरावर उभा आहे.

आता कुणाकडून आलं ते. यजमानांना लहानपणी आली होती, तेव्हा त्यांच्याकडून काही वाटा आला असणार, हे मी नाकारत नाही. पण वाटाच. लहान लहान जनुकांचा कल आई आणि वडील दोघांकडून गोळा होतो, आणि आईला स्वतःला कधी आकडी आली नसली तरी तिच्याकडची दोन-चार जनुकं त्यात असू शकतात. शिवाय तुम्ही लिहिता, माहेरी कुणालाच नाही. हे 'नाही' पक्कं आहे, की कुणी कधी विचारलं नाही? तुमच्या सासूबाईंनी जशी चार वर्षं गोष्ट काढली नाही, तशी तुमच्या आईनेही एखादी काढली नसेल. त्यात लपवाछपवी असतेच असं नाही. पोर पाच वर्षांचं झालं, आकडी थांबली, पुढे शाळा, नोकरी, लग्न. तीस वर्षांपूर्वीच्या चार तापांची आठवण कोण ठेवतो? ज्यांना ही आकडी येते त्यांच्यातल्या २५ ते ४० टक्के मुलांच्या घरात आधी कुणाला तरी ती आलेली असते, आणि हा आकडा माझ्या मते थोडा कमीच धरलेला आहे, कारण तो घरच्यांच्या आठवणीवर उभा आहे.

सासूबाईंवर तुम्ही भांडलात, ते मी समजू शकतो. पण जाता जाता त्या जे बोलल्या, ती तुम्हाला त्या आठवड्यात मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती होती. ती अर्धीच मिळालीय. उरलेली अर्धी मागून घ्या. यजमानांना पहिली आकडी कितव्या महिन्यात आली? दर वेळी ताप होता का? एका अंगाला आली की दोन्ही? किती वेळ चालायची? शेवटची कोणत्या वयात? पाचाच्या पुढे, ताप नसताना कधी आली का? 'चार वर्षांचा झाला आणि थांबली, पुन्हा कधीच नाही' असं उत्तर आलं, तर ते तुमच्या मुलासाठी चांगलं उत्तर आहे.

कारण इथे एक गोष्ट बहुतेक घरांत उलटी समजली जाते. घराण्यात तापातली आकडी असणं आणि घराण्यात मिरगी असणं हे दोन वेगळे वारसे आहेत. आई-वडिलांना किंवा भावंडाला तापातली आकडी येऊन गेली असेल, तर मुलाला पुढच्या तापात ती पुन्हा येण्याची शक्यता वाढते. मिरगीची शक्यता त्याने वाढत नाही. मिरगीची शक्यता वाढवतात त्या गोष्टी तीन: आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला मिरगी असणं, आकडी येण्याआधीपासूनच मुलाची वाढ, बोलणं, चालणं मागे असणं, आणि आकडी साधी नसणं, म्हणजे १५ मिनिटांहून जास्त चालणं, शरीराच्या एकाच बाजूला येणं किंवा २४ तासांत दुसऱ्यांदा येणं. अमेरिकेत ५० हजारांवर मुलांचा जन्मापासून माग ठेवणारा एक मोठा प्रकल्प झाला. त्यातल्या तापात आकडी आलेल्या १,७०६ मुलांच्या नोंदींवरून कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९७६ साली हे दाखवलं, आणि ते आजवर टिकून आहे. साधी आकडी आलेल्या शंभर मुलांतल्या एक-दोघांना पुढे मिरगी होते. तीनपैकी दोन किंवा अधिक गोष्टी असतील तर सुमारे दहा जणांना. तुमच्या पत्रात यांतली एकही दिसत नाही. मुलाची वाढ कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं मी तुमच्यावर आणि तुमच्या डॉक्टरांवर सोडतो.

पुन्हा येईल का? हे मात्र शक्य आहे, आणि त्याची तयारी ठेवलेली बरी. सरासरीने तिघांतल्या एकाला पुन्हा येते. वय दीड वर्षाच्या आत, घरात आधी कुणाला तरी, ताप फार चढलेला नसतानाच येणं, आणि ताप सुरू झाल्यावर तासाभरातच येणं, या चार गोष्टी जितक्या जास्त, तितकी शक्यता जास्त; चारही असतील तर दहातल्या सातांहून अधिक मुलांना पुन्हा येते. तुमच्याकडे पहिल्या दोन आहेत.

तापाचं औषध वेळेवर दिलं असतं तर टळली असती, हा काटा मनातून काढून टाका. पॅरासिटामॉल मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. घड्याळ लावून दिल्याने पुढच्या तापातली आकडी टळते असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही. तुम्ही औषध मोजत असतानाच आकडी आली यात तुमची चूक शून्य. रोज द्यायच्या फिटच्या गोळ्यांबद्दलही कुणी सुचवलं तर थांबा. पूर्वी फिनोबार्बिटॉल सर्रास द्यायचे. १९९० मध्ये एक अभ्यास आला, त्यात औषध घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक न घेणाऱ्यांपेक्षा कमी भरला, आणि आकडी कमी येण्याचा फायदाही दिसला नाही. साध्या आकडीसाठी रोजचं औषध आज कुणी समंजस डॉक्टर देत नाही. वारंवार येणाऱ्या मुलांना काही जण फक्त तापाचे दोन-तीन दिवस क्लोबाझम देतात. तो निर्णय मुलाला पाहून करायचा.

पोटातल्या बाळाचं विचारलंत. एका मुलाला आली असेल तर पुढच्या भावंडाला येण्याची शक्यता साधारण पाचात एक. आई-वडील दोघांनाही लहानपणी आली असेल आणि आधीच्या मुलालाही, तर ती तीनात एक होते. तुमचं घर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. उलट बाजूने वाचा: न येण्याचीच शक्यता जास्त. एक लक्षात ठेवा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला झटके आले, ताप असो वा नसो, तर त्याला 'आपल्याकडे येतेच' म्हणून घरी ठेवायचं नाही. त्या वयातले झटके तापातली आकडी मानतच नाहीत. थेट दवाखाना.

आता चाचणी. तुम्हाला ती आत्ता नको, आणि यात मी जरा ठामच आहे. जो कल अनेक छोट्या जनुकांनी बनलाय, तो पकडून 'हो' किंवा 'नाही' सांगणारी चाचणी नाही. ना तुमच्या मुलासाठी, ना गर्भासाठी. संशोधन चालू आहे. २०१४ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हजारो मुलांचे नमुने तपासून आकडीशी जोडलेल्या जागा शोधल्या, त्यात सोडियमच्या दारांची जनुकं होतीच. पण अशी प्रत्येक जागा शक्यता तीळभर हलवते. त्यावरून एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही. आणि चाचणी केलीच, तर 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असा शेरा येण्याची चांगलीच शक्यता असते. असा कागद घेऊन रात्ररात्र जागणारे आई-वडील मी पाहिलेत, मुलगा समोर मजेत खेळत असताना.

मग चाचणी कुणाला? काही घरं वेगळी असतात. आजोबा, वडील, आत्या, दोन चुलत भावंडं, अशी पिढ्यान्‌पिढ्या रंगलेली वंशावळ. त्यात कुणाची आकडी पाच वर्षांच्या पुढेही तापात येत राहते, कुणाला ताप नसतानाही येते, कुणाला काहीच नाही. ऑस्ट्रेलियात इंग्रिड शेफर आणि सॅम्युएल बर्कोविच यांनी १९९७ मध्ये अशा एका मोठ्या घराण्याचं वर्णन केलं आणि त्या आजाराला नाव दिलं. डॉक्टर त्याला 'जेफ्स प्लस' म्हणतात. पुढच्याच वर्षी त्यामागचं पहिलं जनुक सापडलं, एससीएन१बी, आणि २००० मध्ये एससीएन१ए. इथे एकच मोठं जनुक बहुतांश काम करतं, आणि ते आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून निम्म्या मुलांत उतरतं. तरी उतरलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही.

आणि दुसरं एक चित्र आहे, जे ओळखायला उशीर होऊ नये. पहिली आकडी वर्षाच्या आत, बहुधा पाच ते आठ महिन्यांच्या दरम्यान. ताप किरकोळ, कधी नुसती गरम पाण्याची आंघोळ, आणि आकडी मात्र लांब, वीस मिनिटं, अर्धा तास. एकदा उजव्या अंगाला, पुढच्या वेळी डाव्या. दुसऱ्या वर्षात तापाशिवायही यायला लागते आणि बोलणं-चालणं रेंगाळतं. फ्रान्समधल्या डॉक्टर शार्लट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये हे वर्णन केलं, आणि आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २००१ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी अशा सात मुलांची तपासणी केली. सातही जणांत एससीएन१ए मध्ये बदल सापडला, आणि सातही जणांच्या आई-वडिलांत तो नव्हता. हा बदल बहुतेक वेळा मुलातच नव्याने घडलेला असतो. सर्वांत गंभीर प्रकार, जनुकातलाच, आणि तरी 'कुणाच्या घराण्यातला' या प्रश्नाला उत्तर 'कुणाच्याच नाही'. त्या मुलांत चाचणी लवकर करावी लागते, कारण कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन यांसारखी फिटची नेहमीची औषधं सोडियमची दारंच अडवतात आणि तिथे आजार बिघडवतात.

हे तुम्हाला घाबरवायला लिहिलं नाही. तुमच्या मुलाला पहिली आकडी १७ व्या महिन्यात आली, दोन मिनिटांत थांबली. ते चित्र हे नव्हे.

लसींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसरं बाळ येतंय आणि घरात कुणीतरी म्हणणारच. गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी येणाऱ्या तापात काही थोड्या मुलांना आकडी येते. ती तापाची आकडीच असते, आणि कल आधीचाच. पूर्वी 'डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदू बिघडला' म्हणून नोंदवलेल्या १४ रुग्णांची बर्कोविच यांच्या गटाने २००६ मध्ये तपासणी केली, तर ११ जणांत एससीएन१ए मधला बदल सापडला. दोष लसीवर टाकला होता, खरं कारण मात्र जन्मापासून जनुकात होतं. दोन्ही मुलांच्या लसी वेळेवर द्या. यजमानांबद्दल आणि मुलाबद्दल डॉक्टरांना आधी सांगा, एवढंच.

पुन्हा आकडी आली तर काय करायचं, हे यजमानांनाही आणि सासूबाईंनाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी कोण घरी असेल सांगता येत नाही. मुलाला कुशीवर करा, गळ्याभोवतीचं सैल करा, आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. तुमच्या डॉक्टरांना विचारून मिडाझोलाम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला फवारा घरात ठेवता येईल, त्याचं माप तेच ठरवतील. आकडी थांबल्यावर मूल तासाभरात नेहमीसारखं झालं नाही, मान आखडली, सारखं ओकतंय, अंगावर जांभळट पुरळ आलं किंवा टाळू फुगलेली दिसली, तर ती नेहमीची आकडी समजायची नाही. घराण्यात कितीही जणांना आली असेल, मेंदूज्वर वंशावळ बघून येत नाही.

मेंदूवर परिणाम होईल का, ही भीती पत्रात तुम्ही थेट लिहिली नाहीत, पण ओळींमधून दिसते. १९७० साली एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा मोठा माग ठेवला गेला. त्यांतल्या जवळपास चारशे मुलांना तापातली आकडी आली होती. वयाच्या दहाव्या वर्षी अभ्यासात, बुद्धीत, वागण्यात ती इतर मुलांच्या बरोबरीने होती. आणि लांब कशाला जायचं, तीन-चार आकड्या येऊन गेलेला एक मुलगा तर तुमच्या घरातच आहे. तुम्ही त्याच्याशी लग्न केलंत.

राहिला तो व्हिडिओ. यजमानांवर रागावू नका. हात थरथरत असताना शूट करणं सोपं नसतं. दोन्ही हात सारखेच उडत होते का, डोळे एका बाजूला ओढले होते का, नेमका किती वेळ गेला, हे सगळं त्यात आहे, आणि घाबरलेल्या आईच्या आठवणीत ते कधीच नीट नसतं. तुम्हाला दोन मिनिटं वाटली ती कदाचित सत्तर सेकंद असतील. पुढच्या भेटीत तो डॉक्टरांना दाखवा. मग तुमच्या फोनमधून काढून टाका. यजमानांच्या फोनमध्ये राहू द्या.